इंजिनातलं पाणी

हाकानिएमीच्या चौकात सिग्नल लाल होता, हिल्का ट्राम थांबवून बसली होती, आणि तिच्या डोळ्यांदेखत तिच्या वडिलांची होडी रस्त्यावरून निघून गेली. एका उघड्या ट्रकवर ती पट्ट्यांनी आवळून बांधली होती. वरची ताडपत्री एका बाजूने सुटून फडफडत होती आणि खालून डाव्या कुशीतली ती एक फिकट फळी दिसत होती, जिचा रंग बाकीच्या फळ्यांशी कधी जुळलाच नाही. पाण्यात असताना होडीचं पोट कुणाला दिसत नाही. इथे भर बाजारात, मासे आणि बटाटे विकणाऱ्यांच्या तंबूंसमोर, ते सगळ्या जगाला दिसत होतं. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला कुणीतरी अर्ध्या कपड्यांत बाहेर काढून नेत असावं, तसं हिल्काला वाटलं. तिने घंटा दाबली. दाबूनच धरली. समोर माणूस नव्हता, गाडी नव्हती.

"काय बाई, कबुतरं हाकलतेस का?" केबिनच्या काचेपाशी उभा असलेला एक म्हातारा म्हणाला. मागे दोघंतिघं हसले.

हिल्काने घंटेवरचं बोट काढलं. ट्रक उजवीकडे वळला आणि सोर्नाइनेनच्या रस्त्याला लागला. सिग्नल हिरवा झाला, आणि तिला सरळच जावं लागलं. ट्रामला सुकाणू नसतं. रूळ नेतील तिकडे जायचं, मध्ये थांबायचं, दारं उघडायची, दारं लावायची. उभी हयात हे केलं आणि त्याचं कधी काही वाटलं नाही. उलट वळायचं की नाही हा प्रश्नच नसलेली नोकरी तिला आवडायची. आज पहिल्यांदाच तिच्या दोन्ही हातांना काहीतरी वळवावंसं वाटत होतं. हात शिवशिवत होते, आणि समोर वळवण्यासारखं काहीच नव्हतं.

पुढचे तीन-चार थांबे तिने कसे गाठले ते तिला नंतर आठवेना. होडी विकली, हे तिच्या लगेच लक्षात आलं होतं. विकणारा कोण हेही सांगायला नको होतं. पण डोक्यात घुमत होतं ते वेगळंच: त्या होडीत इंजिन होतं आणि इंजिनात अजून पाणी होतं. होडी किनाऱ्यावर काढून आठवडा झाला होता. नोव्हेंबर लागला तरी यंदा थंडी अंग चोरून होती, म्हणून हिल्काने शनिवारच्या सुट्टीत ते पाणी काढायचा बेत केला होता. आत घालायच्या निळ्या औषधाचा, न गोठणाऱ्या अँटिफ्रीझचा, कॅन आणून घरात ठेवला होता. आणि आज सकाळी रेडिओवरची बाई अगदी गोड आवाजात म्हणाली होती की रात्री पारा उणे दहापर्यंत उतरेल. समुद्राचं पाणी पिऊन थंड राहणारं ते जुनं इंजिन. उन्हाळाभर ते पाणी त्याच्या बिडाच्या भिंतींमधून फिरतं, आणि हिवाळ्याआधी काढलं नाही तर तिथेच गोठतं, फुगतं, आणि बीड आतून फोडतं. आवाजसुद्धा होत नाही. वसंतात हँडल मारायला जावं तर बोटाएवढ्या चिरेतून गंजाचा ओघळ आलेला असतो. असं एक फुटलेलं इंजिन तिने लहानपणी होडीवाल्यांच्या क्लबाच्या आवारात पाहिलं होतं. त्याचा मालक त्याच्याशेजारी टोपी हातात घेऊन उभा होता.

शेवटच्या थांब्यावर चहा-कॉफीएवढी सुट्टी असते. तिने कॉफी घेतली नाही. भावाला फोन लावला.

"ओस्मो, होडी कुठे चालली?"

पलीकडून ओस्मोचा तो टायर विकणारा, गिऱ्हाइकाला समजावणारा आवाज. "हिल्का, आज रात्री तुला सांगणारच होतो. बस निवांत, मग बोलू."

"मी ट्राम चालवतेय. बसलेलीच असते. कुठे चालली?"

"सिपोला. आर्नी म्हणून एक पोरगा आहे, त्याची शेड आहे तिथे. चांगला माणूस आहे, लाकडाची कदर आहे त्याला. अगं, मे महिन्यात इसा गेले, आता ती होडी आपण कुठे सांभाळत बसणार? तुला साधी गाडी नाही. माझी कंबर गेलेली."

"तुझी कंबर पहिल्यापासूनच गेलेली होती. ऑगस्टमध्ये मी नाही म्हटलं होतं ना?"

"तू म्हटलं होतंस 'बघू'."

"मी 'नाही' म्हटलं होतं. तुला 'बघू' ऐकू आलं." तिने श्वास घेतला. "इंजिनातलं पाणी काढलंस?"

"काढलं की."

"कसं?"

"कसं म्हणजे? खालची तोटी उघडली. एक थेंब आला नाही. म्हणजे रिकामंच होतं."

हिल्का हसली. स्वतःच्या त्या हसण्याची तिलाच भीती वाटली. "ओस्मो, त्या तोटीतून आपणहून कधी थेंब आलाय? आत गंजाचं बूच बसलेलं असतं. आपण दहा वर्षांचे असल्यापासून बसलेलं असतं."

"हे बघ, आता ती आर्नीची डोकेदुखी आहे. विकलं म्हणजे विकलं."

तिने फोन ठेवला. ट्रामच्या दुसऱ्या टोकाच्या केबिनमध्ये जाऊन बसली आणि आली त्याच वाटेने परत निघाली.

इसा. वडिलांना दोघंही अशीच हाक मारायची, पण ओस्मोने मारली की ते वळून बघायचे आणि तिने मारली की "काय आहे?" असं न बघताच विचारायचे. नाव त्यांचं ताइस्तो, बंदरात क्रेन चालवायचे. दर शरदात एका रविवारी ते दोघांना घेऊन होडीवर जायचे. ओस्मोच्या हातात दिवा द्यायचे आणि हिल्काच्या हातात कॉफीचा थर्मास. ओस्मो दिवा धरायचा तो आभाळाकडे, बगळ्यांकडे, शेजारच्या होडीवरच्या पोरींकडे. आणि ती थर्मास पोटाशी धरून, मान तिरकी करून, वडिलांच्या खांद्यावरून आत बघायची. आधी इंजिन गरम करायचं. त्याच्या डोक्यावर तळवा ठेवायचा, तळवा टिकेनासा झाला की आतली झडप उघडते आणि पाणी खरंच बिडाच्या भिंतींमधून खेळायला लागतं. त्याच्याआधी निळं औषध पाजलंत तर ते वरच्यावर निघून जातं, आत जुनं पाणी तसंच. हे वडील ओस्मोला सांगायचे. ओस्मो हूं म्हणायचा. एकदा तिने थर्मास खाली ठेवून हात पुढे केला तेव्हा वडील म्हणाले, "मागे हो. चाकात केस अडकतील." त्या संध्याकाळी तिने आईची कात्री घेऊन वेण्या मुळापासून कापल्या. आई ओरडली, रडली, शेजारच्या बाईला बोलावून ते डोकं जरा सारखं करून घेतलं. वडिलांनी जेवताना एकदा तिच्याकडे पाहिलं, आणि बटाटे पुढे सरकवले. पुढच्या वर्षी दिवा पुन्हा ओस्मोच्याच हातात होता. तिच्या हातात थर्मास. केस मात्र तिने तेव्हापासून वाढवले नाहीत. आजसुद्धा खिडकीच्या काचेत दिसणारं आपलं आखूड, करडं डोकं बघून तिला एक जुना, हट्टी आनंद झाला.

दारं उघडली. एक बाई बाबागाडी घेऊन चढली. दारं लागली. पुढे वडिलांना वाकवेना झालं त्या वर्षी ते म्हणाले, "ओस्मो येईल." ओस्मो आला नाही. हिल्का न विचारता इंजिनाचं झाकण काढून आत उतरली, आणि ते वरून धक्क्यावर उभं राहून प्रत्येक नट चुकीच्या बाजूने आवळतेयस म्हणून ओरडत राहिले. एकही चुकीच्या बाजूने नव्हता. त्यानंतर दरवर्षी तीच. आणि क्लबाच्या सॉनात, म्हणजे वाफेच्या स्नानघरात, बायकांची वेळ संपून पुरुषांची सुरू होण्याच्या मधल्या वेळात, ती बूट घालत असताना तिने वडिलांना दुसऱ्या पुरुषांना सांगताना स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं: "ओस्मो बघतो होडीचं. मुलाचा हात चांगला आहे." ती बूट घालत राहिली. त्या वेळी आत जाऊन सगळ्या उघड्या पुरुषांसमोर काहीतरी बोलायला हवं होतं, असं तिला पुढे कित्येकदा वाटलं. कपडे वाळत घालताना वाटलं, ट्राम हाकताना वाटलं. हे मात्र तिने केलं होतं: एप्रिलमध्ये वॉर्डात, वडिलांचं नाक आणि कान तेवढेच मोठे उरले होते तेव्हा, त्यांनी विचारलं होतं, "ओस्मोने होडी तयार केली?" शेजारच्या नर्सने डोळ्याने खूण केली, हो म्हणून टाका. हिल्का म्हणाली, "ओस्मोने नाही. मी केली. आणि मागची सगळी वर्षंसुद्धा मीच." वडिलांनी वळून तिच्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "तेल बदललंस?" ती म्हणाली, "बदललं." त्यांनी डोळे मिटले. नर्सला यात काही विशेष दिसलं नाही. हिल्का कॉरिडॉरमध्ये जाऊन भिंतीला कपाळ टेकून उभी राहिली होती. तेल बदललंस का, हे ते फक्त ओस्मोला विचारायचे.

पाळी दुपारी संपली. तिने डेपोत वर्दीचा कोट काढला नाही, तशीच घरी गेली. तळघरातल्या जाळीच्या खोलीतून वडिलांची हत्यारांची पेटी काढली, अँटिफ्रीझचा कॅन घेतला, एक रिकामी बादली, रबरी नळीचा तुकडा, आणि सिपोच्या बसमध्ये चढली. कॅन मांडीवर घेऊन बसताना तिला वाटलं, आपण हे काय करतोय? होडी दुसऱ्याची. इंजिन दुसऱ्याचं. आपल्याला कुणी बोलावलेलं नाही. तिथे जाऊन सांगायचं काय? शेजारी बसलेल्या मुलीने कॅनवरचं लेबल वाचलं आणि जरा सरकून बसली. तिच्या सरकण्याने हिल्काच्या मनातला गोंधळ एकदम बसला. सांगायचं काय, ते तिथे गेल्यावर तोंडाला येईल. नाही आलं तर न सांगताच करायचं.

शेड रस्त्याला लागूनच होती, मागे खाडी. होडी ट्रकवरून उतरवून लाकडी टेकूंवर उभी केली होती, उघड्यावर. आर्नी म्हणजे तिशीतला, दाढीत भुसा अडकलेला माणूस. तिच्या वर्दीकडे, कॅनकडे आणि बादलीकडे त्याने आळीपाळीने पाहिलं.

"ट्राम इथवर यायला लागली की काय?"

"मी हिल्का. ओस्मोची बहीण. इंजिनातलं पाणी काढायला आलेय."

"पण ओस्मो तर म्हणाला..."

"ओस्मो काय म्हणाला ते मला माहीत आहे."

आर्नीने डोकं खाजवलं. तो खरंच चांगला माणूस होता, आणि त्यामुळेच हिल्काला त्याचा जास्त राग आला. "तुम्ही उगाच त्रास घेतलात, ताई. मला फक्त होडी हवी होती. यात मी बॅटरीवरची मोटर बसवणार आहे, बिनआवाजाची. हे इंजिन सोमवारी उपसून भंगारात देणार. ते फुटलं काय, न फुटलं काय."

आता परत जाण्यासारखं सगळं होतं. काम संपलं होतं, कारण संपलं होतं, पुढची बस अर्ध्या तासात होती. खाडीवरून वारा येत होता आणि त्यात ती धातूची चव होती जी रात्री पाणी गोठणार असलं की दुपारपासूनच जिभेला लागते. फुटलं काय, न फुटलं काय. किती साधं होतं ते. तिला वाटलं, आयुष्यभर सगळी माणसं आपल्याला हेच एक वाक्य वेगवेगळ्या तोंडांनी सांगत आलीत, आणि दर वेळी आपण बूट घालत राहिलोय.

"सोमवार यायचाय अजून," ती म्हणाली. "तोपर्यंत ते इंजिन आहे. पाण्याचा नळ कुठेय?"

आर्नीने शेडच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. "पण बॅटरी मी काढलीय," तो म्हणाला.

"हँडल आहे ना?"

ती शिडीवरून चढली. झाकण काढलं. आतून तेल, डिझेल आणि ओल्या लाकडाचा तो वास आला, आणि क्षणभर तिला काही दिसेना. डोळे पुसले नाहीत. हात कामाला लावले की डोळे आपोआप कोरडे होतात हे तिला ठाऊक होतं. समुद्राकडून येणारी नळी तिने सोडवली, आपली जोडली, आणि टोक नळाच्या पाण्याने भरलेल्या बादलीत सोडलं. दाब सोडायची कळ उचलली, हँडल घातलं आणि फिरवायला लागली. जड चाक आधी नको नको म्हणालं, मग फिरलं, फिरायला लागलं. तिने कळ पाडली. इंजिनाने एक शिंक दिली, हँडल उलट उसळलं आणि तिच्या मनगटावर बसलं.

"थांबा, मी मारतो," आर्नी शिडीवर पाय ठेवत म्हणाला.

"हात लावू नकोस!"

तो जागच्या जागी थांबला. ती स्वतःही दचकली, कारण तो आवाज वडिलांचा होता. मनगट काखेत दाबून ती जरा वेळ वाकून उभी राहिली. सत्तावन्न वर्षांचं मनगट, गुडघे, पाठ. पाठीला पाठीचं म्हणणं होतं. हिल्काने ते ऐकून घेतलं आणि हँडल दुसऱ्या हातात घेतलं. फिरवत राहिली. श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला, वर्दीच्या कोटाची शिवण काखेत उसवली, कानात नुसतं रक्त धडधडायला लागलं, आणि मग तिने कळ पाडली. पट्. मग काहीच नाही. मग पुन्हा पट्, पट्, आणि मग ते सुरूच झालं. सगळी होडी टेकूंवर थरथरायला लागली. कुशीतल्या भोकातून धूर आणि पाणी ओकारीसारखं बाहेर पडलं. आर्नी हसत मागे सरला.

"हसतोस काय? तो टब आण आणि खाली धर. अँटिफ्रीझ तुझ्या जमिनीत मुरलेलं तुला चालेल का?"

त्याने टब आणला. ती इंजिनाच्या डोक्यावर तळवा ठेवून बसली. थंड होतं. मग कोमट. थंडीत ते कोमट बीड इतकं बरं वाटत होतं की तिने दुसरा, दुखरा हातही ठेवला. आता घाई करायची नव्हती. बाहेर उजेड करडा होत चालला होता. आर्नी खाली टब धरून उभा होता. सगळं जग तेवढ्या एका तळव्यात आलं होतं: आता सोसतंय, आता सोसतंय, आता नाही. तिने हात उचलला. नळी बादलीतून काढून निळ्या कॅनमध्ये घातली. इंजिनाने ते गटागटा प्यायला सुरुवात केली. पाणी येत राहिलं, मळकट, मग फिकं, आणि मग खालून आर्नी ओरडला, "निळं! निळं आलं!" लहान मुलासारखा.

तिने इंजिन बंद केलं. एकदम पसरलेल्या शांततेत खाडीवरची बदकं ऐकू आली. आता शेवटचं काम. ती पालथी झाली, गाल फळीला टेकवून खाली हात घातला आणि ती तोटी उघडली. काही आलं नाही. पेटीत सायकलच्या चाकाची एक तार असायची, वडिलांनी टोकाला वाकवलेली. ती तोटीत घातली, ढोसली, फिरवली. आत काहीतरी मऊ, दाट होतं. ढोसली. मनगटातून कळ निघाली. "ये," ती दात आवळून म्हणाली, "ये बाहेर." आणि ते बूच सुटलं. गरम, गंजकं, लालसर पाणी तिच्या बाहीत शिरून कोपरापर्यंत गेलं, आणि मागून निळं. निळं आल्यावर तिने तोटी बंद केली. तिथेच पालथी पडून राहिली. कोट भिजला होता. तिला कुणाहीबद्दल काही वाटत नव्हतं. वडिलांबद्दलसुद्धा नाही. फक्त ते इंजिन आणि आज येणारी रात्र, आणि रात्रीला आत शिरायला आता वाट नव्हती.

खाली उतरली तेव्हा आर्नीने तिला शेडमध्ये नेऊन कॉफी दिली, दालचिनीचा बन दिला.

"आवाज छान आहे त्याचा," तो कप फिरवत म्हणाला. "मला वाटलं नव्हतं सुरू होईल असं. पण मला मोटरच बसवायचीय, हे मी बदलणार नाही."

"बदल म्हणून मी म्हटलंय का?"

"नाही." तो जरा घुटमळला. "मग न्या ना ते. भंगारवाल्याला फोन करायचा वाचेल माझा. सोमवारी मी क्रेनने उपसून देतो, व्हॅनमधून पोचवतो पण. ठेवाल कुठे?"

हिल्काचं घर कालिओत, चौथ्या मजल्यावर, स्वयंपाकघर आणि एक खोली. लिफ्टमध्ये दोन माणसं एकमेकांची माफी मागत उभी राहतात. तिने बनचा शेवटचा घास खाल्ला. बोटं चाटली, त्यांना डिझेल आणि दालचिनी दोन्हींची चव होती. मग ओस्मोला फोन लावला.

"सोमवारी गॅरेज रिकामं कर," ती म्हणाली. "इंजिन येतंय."

"कसलं इंजिन? आपलं? अगं, ते मी विकलं!"

"होडी विकलीस. इंजिन मला मिळालंय."

"डोकं फिरलंय का तुझं? माझ्या दोन गाड्या आहेत तिथे. त्या कुठे ठेवू?"

"बाहेर. त्यांच्यात अँटिफ्रीझ असतं."

मागून कुणीतरी खळखळून हसलं. ओस्मोची बायको पिर्यो असणार. तो फोन नेहमी स्पीकरवर टाकून बोलायचा. "हिल्का," ओस्मो म्हणाला, आणि या वेळी तो गिऱ्हाइकाशी बोलायचा आवाज नव्हता, "त्याचं तू करणार काय?"

होडी नाही, धक्का नाही, समुद्रावर जायचं काही साधन नाही. एक इंजिन, ज्याला ढकलायला काही नाही. दुसऱ्या कुठल्या दिवशी या प्रश्नाने ती गप्प झाली असती.

"माझं मी बघेन," ती म्हणाली. "तू फक्त दार उघड."

सोमवारी ओस्मो राहायचा त्या वान्तामध्ये चांगलंच गोठलं होतं. रस्त्याकडेच्या डबक्यांवर पांढरी साय धरली होती. आर्नीची व्हॅन ओस्मोच्या दारात लागली तेव्हा पिर्योने तिची लहान लाल गाडी आधीच बाहेर काढली होती आणि ती हातमोजे घालून काचेवरचं बर्फ खरवडत होती. ओस्मो दारात स्वेटरवर उभा होता, हात खिशात. त्याची मोठी गाडी अजून आतच होती. हिल्काने मनगटाला पट्टी बांधली होती. ती त्याच्याकडे बघत राहिली. तो आत गेला, गाडी सुरू केली आणि मागे बघत बघत हळूहळू बाहेर घेतली.

आर्नीने इंजिन ढकलगाडीवर उतरवलं आणि चाकं कुरकुरवत आत आणलं. ओस्मो पुढे झाला, जागा दाखवायला. "त्या तिकडे कोपऱ्यात घ्या, भिंतीला लावून, पाण्याच्या टाकीमागे. म्हणजे निदान एक गाडी तरी आत राहील."

"कोपऱ्यात नाही," हिल्का म्हणाली. ती गॅरेजच्या मधोमध जाऊन उभी राहिली आणि बुटाच्या टाचेने जमिनीवर खूण केली. "इथे. मला चारी बाजूंनी फिरता आलं पाहिजे."